बोथ्याच्या डोंगरात, नजीरचाचांबरोबर

देऊळगाव राजा

एप्रिल महिन्यात मी बुलढाण्याला निघाले, तेव्हा शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, "कोणाचं काही झालंय का गं?" आमच्या चिपळूणकडचं माणूस ऐन उन्हाळ्यात घाट चढून तिकडे जातं ते आंब्याच्या पेट्या घेऊन, नाहीतर मयताला. मी म्हटलं, "अस्वल बघायला जातेय." काकूंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की निवृत्तीनंतर बायकांचं डोकं फिरतं हे त्यांना आजच पटलं असावं.

माझा सगळा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेला. रांगेतल्या लोकांना सरळ तोंडावर बोलायची सवय तिथेच लागली, आणि गावात माझं नाव फटकळ म्हणून पडलं ते पडलंच. मला त्याचं वाईट वाटत नाही. गोड बोलून माणसाला चार हेलपाटे घालायला लावण्यापेक्षा एकदाच नाही म्हणावं, या मताची मी. निवृत्तीनंतर वर्षाला एक तरी जंगल बघायचं असं ठरवलंय, आणि यंदा ज्ञानगंगा अभयारण्याचा नंबर लागला. बुलढाणा आणि खामगावच्या मधे अजिंठ्याच्या डोंगररांगांत ते पसरलंय. बिबटे आहेत, चिंकारा आहे, पण तिथलं खरं बिऱ्हाड अस्वलांचं. ती आता फार ठिकाणी उरलेली नाहीत.

माझी धाकटी बहीण सुमन देऊळगाव राजात दिलेली. नवऱ्याचं कापडाचं दुकान. इतक्या वर्षांत ती पार वऱ्हाडी होऊन गेली आहे. "ताई, तुले भाकर देऊ का पोई?" असं विचारते, आणि पोई म्हणजे पोळी हे मला दर वेळी नव्याने आठवावं लागतं. मात्र चिडली की ती क्षणात चिपळूणची होते. पहिल्याच दुपारी तिने ज्वारीची भाकरी, भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. तो ठेचा मी आमच्या नारळाच्या चटणीच्या हिशेबाने घेतला. पुढचा पाव तास मी रडत होते आणि सुमन हसत होती.

डोळे पुसत मागच्या ओसरीवर आले, तर तिथे एक म्हातारा गॅसची शेगडी उघडून बसला होता. पांढरी दाढी, अंगात धुवट सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. हातात पिन होती आणि बर्नरची भोकं साफ करायचं काम चाललं होतं. अंगठ्याने चाचपून तो भोक शोधायचा, पिन न्यायचा, आणि पिन बाजूला घसरायची. परत चाचपायचा. शेवटी सुमननेच येऊन त्याच्या हातातली पिन घेतली आणि ती भोकं साफ करत बसली.

"हे नजीरचाचा," ती म्हणाली. "चिखलीकडले हायेत. एस्टीनं फिरून शेगड्या दुरुस्त करतेत." मग थोडं हळू, "आता नुसतं चहा प्यालेच येतेत म्हन."

मी सुमनला विचारत होते की बुलढाण्याला मुक्काम करून सकाळी अभयारण्यात जायला गाडी मिळते का. म्हाताऱ्याने मान वर केली.

"कुठी चालल्या बाई?"

"ज्ञानगंगेच्या जंगलात. अस्वलं आहेत म्हणतात तिथं."

"हायेत," चाचा म्हणाले. "बोथ्याच्या डोंगरात हायेत." मग बराच वेळ बर्नरच हातात फिरवत राहिले. आणि एकदम म्हणाले, "मले संगं नेता का?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण तोंडावर थट्टा नव्हती.

"डोयात काचबिंदू हाय. डागदर म्हनते, दिवाळीपर्यंत जे पाहाचं ते पाहून घ्या. मले एक खेप अस्वल पाहाचं हाय. चार पायांवर चालताना."

आत आल्यावर सुमनने सांगितलं की चाचा दरवेशी आहेत. दरवेशी हा शब्द ऐकला आणि माझं लहानपण समोर आलं. आमच्याकडेही यायचे ते, काठी, डमरू आणि नाकात दोरी घातलेलं अस्वल घेऊन. पोराची भीती जावी म्हणून आया पोरांना अस्वलाच्या पाठीवर बसवत. आईने मलाही बसवलं होतं, आणि वर अस्वलाचा केस घातलेला तावीज गळ्यात बांधला होता. दरवेश्यांचा तो धंदा पुढे सरकारनं बंद केला, अस्वलं काढून घेतली.

"त्यांना कशाला नेतेस?" सुमन म्हणाली. "त्यांना काय दिसणार आहे तिथं? आणि वाटेत चार वेळा गाडी थांबवावी लागेल. तू पण ना, ताई!" ती चिपळूणची झाली होती, म्हणजे खरंच चिडली होती. मी मात्र ओसरीवर जाऊन चाचांना त्यांच्या घराचा पत्ता विचारला.

चिखलीच्या वाटेवर

मेहुण्यांची गाडी मीच चालवत निघाले. बाई एकटी गाडी चालवतेय म्हणून ढाब्यावरची माणसं वळून बघत होती, त्यांना बघू दिलं. चाचांचं घर चिखलीच्या अलीकडे एका वस्तीत, पत्र्याचं, दाराशी कडुनिंब आणि त्याखाली खाट. सून शबाना आणि नात जीनत. मुलगा कामासाठी बाहेरगावी असतो.

जीनत अजून चालत नव्हती. रांगत खाटेपाशी आली, पाय धरून बसली आणि आजोबांच्या तोंडाकडे बघायला लागली. चाचांनी जीभ टाळूला लावून 'टॉक, टॉक' असा आवाज काढला. पोरगी लगेच खाटेच्या पायाला धरून उभी राहिली आणि सगळे दात दाखवून हसली. मीही हसले.

"आपल्या आपन उठतच नाई हे," शबाना चहा देत म्हणाली. "अब्बानं आवाज केला का मंग उठते. मी किती बलावलं तरी ढिम्म."

मी चाचांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. सदऱ्याच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं, जणू काही खरकटं लागलं होतं. मग पिशवी उचलून म्हणाले, "चला बाई, ऊन होते."

चिखली मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडली होती, मधेच एखादा पळस, त्याचाही बहर सरलेला. आमच्याकडे उन्हाळ्यातसुद्धा नजर हिरव्याला अडते. इथे नजर जाते ती जातच राहते. बुलढाण्याला हे लोक थंड हवेचं ठिकाण म्हणतात. त्या दुपारी गाडीतून उतरल्यावर मी ते चाचांना ऐकवलं, तेव्हा ते म्हणाले, "थंड हाय ना. तुमी अकोल्याले नाई गेल्या अजून."

संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर दोघं बसलो होतो. त्यांच्यासाठी मी खालचीच खोली घेतली होती. समोर डोंगराच्या कडा तांबूस झाल्या होत्या. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

त्यांची अस्वलीण होती, मुन्नी. तिच्या आईला चाचांच्या वडिलांनी बोथ्याच्या याच डोंगरातून पिल्लू असताना आणलं होतं. अस्वलीण बाहेर गेली की गुहेतून पिल्लू उचलायचं. मुन्नी मात्र घरीच जन्मली, चाचांच्या बायकोने तिला बाटलीने दूध पाजलं. नाकात दोरी कशी ओवतात, सुळे कसे काढतात, तेही त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, न उतरवता. मी ते इथे लिहीत नाही. मला ऐकवलं नाही, आणि मी तसं म्हटलंही.

"हाव बाई," ते म्हणाले. "मलेही नाई ऐकवत आता. तवा काई वाटत नव्हतं. बाप करे, मी करो. पोट होतं."

"आणि ती नाचायला कशी शिकायची?"

"पयला तोच आवाज. टॉक टॉक केलं का दोन पायांवर उभं राहाचं. बाकी सारं मागून." जरा थांबून म्हणाले, "आमच्यात लेकरालेही तसंच उभं करतेत. माह्या बापानं मले तसंच केलं."

मग सरकारच्या केंद्रात अस्वलं नेणारी गाडी आली तो दिवस. पिंजरा लावलेली गाडी होती, माणसं भली होती, शिवीगाळ नाही की काही नाही. पण मुन्नी पिंजऱ्यात जाईना. मध लावलेली भाकर ठेवली, ओढलं, ढकललं. ती जमिनीला चिकटून बसली आणि चाचांच्या पायाला नाक घासत राहिली. शेवटी गाडीबरोबरचा माणूस म्हणाला, चाचा, तुम्हीच करा काहीतरी.

"मंग मी आवाज केला," चाचा म्हणाले. "उठली बिचारी. दोन पायांवर उठली, अन् नाचत नाचत आत गेली. तिले वाटलं खेळ हाय."

खाली रस्त्यावर कोणीतरी उसाच्या रसाची गाडी ढकलत नेत होतं. घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहिला. 

"तिथं जाऊन तिला कधी पाहिलंत का?" मी शेवटी विचारलं.

"नाई गेलो. बलावलं होतं त्यायनं, या म्हने भेटाले. पन मी गेलो असतो तर मले पाहून ते नाचली असती बाई. तिथं तिले कोनी नाचवत नव्हतं. मी काऊन जाऊ?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मेली ते मंग. चांगली मेली म्हनतेत, झाडाखाली."

आता मला कळलं की या माणसाने आयुष्यभर अस्वलाबरोबर राहून, दोरी नसलेलं अस्वल कधी पाहिलंच नव्हतं. दिवाळीआधी त्यांना तेवढं एक हवं होतं. झोपायला जाताना मी देवाला, ज्याच्याशी माझं एरवी फारसं बोलणं नसतं, म्हटलं की उद्या एक दाखव बाबा, मला नाही दिसलं तरी चालेल.

बोथा

बोथ्याला अभयारण्याच्या फाटकाशी उघडी जीप आणि विठ्ठल नावाचा वाटाड्या मिळाला. जवळच्याच गावचा, उन्हाने रापलेला, बोलायला तरतरीत. ड्रायव्हर आणि वाटाड्या तो एकटाच. चाचांचं नाव-गाव विचारताना त्याने सहज विचारलं, "काय धंदा, चाचा?"

"दरवेशी," चाचा म्हणाले. शेगडीवाला म्हणाले असते तरी चाललं असतं.

विठ्ठलचा चेहरा बदलला. "तुमच्याच लोकायनं आमच्या डोंगरातले पिल्लं नेले," तो म्हणाला. "माहा आजा सांगे. पिल्लू नेलं का अस्वलीन पिसाटे, अन् मंग मोहं येचाले गेलेली आमची मानसं फाडे."

"हाव," चाचा म्हणाले. "खरं हाय."

एवढंच. विठ्ठलला बहुधा भांडण हवं होतं. त्याने चाचांना हाताला धरून जीपमध्ये चढवलं, पण घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत तो आमच्याशी बोलला नाही.

कोकणातलं जंगल अंगावर येतं. हे जंगल दूर उभं राहतं. सागाची पानं सगळी गळून खाली पडलेली, पापडासारखी वाजणारी. सालईची पांढुरकी खोडं, कातळ, कोरडे नाले, आणि मधेच एखादं मोहाचं झाड, त्याच्याखाली फिकट पिवळ्या फुलांचा सडा. हवेत त्याचा गोडसर, जरा आंबूस वास. विठ्ठलने थांबून मला एक फूल खायला दिलं. चव मनुकेसारखी लागली, नंतर किंचित कडवट.

"हे खायालेच येते अस्वल," तो म्हणाला. रागही उतरला असावा. "आमच्याकडं लोक बिबट्याले भेत नाहीत. अस्वलाले भेतात. बिबट्या पाहून बाजूले होते. हे आंधळं बेनं सरळ अंगावर येते."

रोह्यांचा एक कळप दिसला. रोही म्हणजे नीलगाय. एक मोर रस्ता अडवून उभा राहिला आणि हॉर्नलाही जुमानेना. मला चिंकारा दिसला, चाचांना नाही. दर वेळी मी सांगायची, "उजवीकडे, चाचा," आणि ते उजवीकडे तोंड करून हो-हो करायचे. आपण यांना उगाच आणलं, असं मला वाटायला लागलं. त्यात माझ्या चपलेचा तळ निघाला. विठ्ठलने तो सुतळीने बांधून दिला, आणि बाजारातल्या चपला घालून जंगलात येणाऱ्यांबद्दल त्याचं मत ऐकवलं. मी ते निमूट ऐकून घेतलं.

उन्हं चढली होती आणि आता परत फिरायचं असं ठरत होतं, तेवढ्यात विठ्ठलने ब्रेक दाबला. त्याने फक्त हनुवटी पुढे केली.

नाल्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडाखाली एक वारूळ होतं, आणि वारुळात तोंड घालून एक अस्वल बसलं होतं. पाठ आमच्याकडे. उन्हात केसांची टोकं तांबडी दिसत होती. उकरायचं, तोंड आत घालायचं आणि फुर्र करून माती उडवायची. किती आरामात चाललं होतं त्याचं! आपल्या घरात जेवायला बसल्यासारखं.

"कुठी?" चाचा कुजबुजले. "कुठी हाय?"

मी त्यांची हनुवटी धरून तोंड त्या दिशेला फिरवलं. "झाडाखाली. काळं दिसतंय का?"

त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. घट्ट. "हाव," ते म्हणाले. "हाव. काळं हाय."

अस्वल वारूळ सोडून दोन पावलं चाललं, चार पायांवर, डुलत डुलत, उलट्या चपला घातलेल्या माणसासारखं. चाचांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण पुसलं असतं तर तेवढा वेळ दिसलं नसतं.

आणि तेव्हाच त्यांच्या तोंडून तो आवाज निघाला. टॉक, टॉक.

त्यांनी तो काढला नाही. मी शेजारीच होते, मी शपथेवर सांगते. तो निघाला. समोर अस्वल आलं की त्या जिभेने जे इतकी वर्षं केलं तेच तिने केलं.

अस्वल वळलं, आणि मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. पूर्ण ताठ. छातीवरचा पांढरा पट्टा आमच्याकडे, पुढचे दोन्ही पाय लोंबकळत, नाक वर. मी लहानपणी ज्या अस्वलाच्या पाठीवर बसले होते, ते अस्संच उभं राहायचं. क्षणभर राहिलं, मग धपकन खाली आलं आणि नाल्याच्या चढावरून झाडीत गेलं.

 चाचांनी तळहात तोंडावर दाबून धरला होता.

"काय केलं त्यानं?" त्यांनी हाताआडून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "निघून गेलं."

"चार पायांवर?"

"चार पायांवर."

विठ्ठलने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बाई," चाचा म्हणाले, "माहे डोळे गेले, पन काळं उंच झालं एवढं कळते मले."

मला माझाच इतका राग आला की जीपमधून उतरून चालत जावं असं वाटलं. विठ्ठल मागे वळला. त्याच्या आवाजात आता सकाळचं काही राहिलं नव्हतं.

"चाचा, उभं राहतेच ते. वास घ्यासाठी. गाडीचा आवाज झाला तरी उभं राहते, काडी मोडली तरी राहते. तुमी केलं म्हनून नाई."

"असन बाबा," चाचा म्हणाले. "असन."

पण तो हात त्यांनी तोंडावरून काढला नाही. फाटकापर्यंत नाही, आणि पुढे बुलढाणा ओलांडेपर्यंतही नाही. फाटकाशी विठ्ठलने त्यांच्या दुसऱ्या हातात मूठभर मोहाची फुलं दिली. ती त्यांनी खिशात ठेवली.

कडुनिंबाखाली

परतीचं काही सांगण्यासारखं नाही. चिखलीला मी गाडी थांबवून उसाचा रस घेतला, त्यांनी घेतला नाही. मी दोन-तीनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. एकदा ते म्हणाले, "तुमी मले नेलं बाई, अल्ला तुमाले बरकत देईन," आणि मी उगाच गिअर बदलला.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. शबाना "चाय टाकते" म्हणून आत गेली. चाचा खाटेवर बसले, पाय जवळ घेऊन, तोंड भिंतीकडे. मी समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकले.

जीनत आतून रांगत आली. खाटेचा पाय धरून बसली आणि रोजच्यासारखी आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. चाचांना ती आल्याचं कळलं असावं, कारण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पोर वाट बघत होती. एकदा 'हं' केलं, खाटेवर थाप मारली. चाचांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला, मग तोही काढून घेतला.

आणि पोरगी उठली. आधी खाटेचा पाय धरून, मग एक हात सोडून, मग दुसराही सोडून. दोन पायांवर, कशालाही न धरता, गुडघे लटपटत, तोंडाचा चंबू करून ती कडुनिंबाखाली उभी राहिली. कोणी आवाज केला नव्हता. कोणी बोलावलंही नव्हतं.

"चाचा!" मी ओरडलेच. "जीनत उभी राहिली! आपली आपण! बघा तरी!"

त्यांनी तोंड वळवलं नाही. हसले मात्र, अगदी मायेनं.

"राहू द्या बाई," ते म्हणाले. "तुमी लय चांगल्या हायेत. डोंगरातबी तुमी मले बरं वाटावं म्हनूनच सांगत होत्या."

"अहो नाही, खरंच, शपथ!"

"हाव, हाव," ते म्हणाले.

शबाना चहाचे कप घेऊन बाहेर आली तोवर पोर धपकन खाली बसली होती आणि स्वतःवरच खूश होऊन माती उधळत होती. मी शबानालाही सांगितलं. तिने एकदा जीनतकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे.

"अब्बानं आवाज केला असंन," ती म्हणाली.

"नाई बेटा," चाचा म्हणाले. "मी नाई केला. अन् ते उठलीबी नाई."

चहा फार गोड होता. उभ्या जन्मात मला कोणी गोड बोलणारी म्हटलं नाही, आणि गोड बोलायला मी नेमका तोच एक दिवस शोधला. कप ठेवून मी खाली वाकले आणि जीनतपुढे हात पसरले, ऊठ गं म्हटलं, एकदा ऊठ, आजोबांना दाखव. ती माझ्याकडे बघत मुठीतली माती चाटत बसली.